शेजारची सीट

"अहो, दिसलं! ते बघा, ते बघा, झाडांच्या वर!"

मावशी सीटवरून अर्ध्या उठल्या आणि समोरच्या काचेवर बोट टेकवून राहिल्या. दूर, झाडांच्या शेंड्यांच्याही वर, एक लाल लोखंडी रूळ आभाळात चढत गेला होता आणि तिथून असा काही खाली कोसळत होता की नुसतं बघूनच मावशींच्या पोटात गोळा आला. तो गोळा त्यांना फार आवडला.

"काचेला बोट लावू नकोस, डाग पडतो," मास्तर म्हणाले. "आणि नीट टेकून बस. ब्रेक मारला तर कपाळ आपटेल."

"मारा की. आज काही का होईना!"

मास्तरांनी तो मारलाच. समोर कुणी नव्हतं, सिग्नल नव्हता, साधं कुत्रंही आडवं गेलं नव्हतं. वळण चांगलं लांब होतं. पण वळण येणार आहे हे मास्तरांना ठाऊक होतं आणि तेवढं त्यांना पुरे होतं. मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवून जे काय म्हणायचं ते म्हणून घेतलं.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. डोक्यावर पाटी लावलेली ही जुनी पांढरी गाडी त्यांची. हिला ब्रेक दोन. एक चालवणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारच्या सीटपुढे, मास्तरांच्या पायाशी. शिकणारा चालवायचा, मास्तर शेजारी बसायचे, आणि त्यांचा उजवा पाय कायम त्या दुसऱ्या ब्रेकवर. अर्धं शहर त्यांच्या हाताखालून, म्हणजे खरं तर पायाखालून, गाडी शिकून गेलं होतं. तोंडावर सगळे मास्तर म्हणत आणि पाठ फिरली की ब्रेकमास्तर.

आणि लोकांचं काही चुकत नव्हतं. मास्तर घरी आले तरी तो पाय काही कामावरून सुटायचा नाही. दूध उतू जायला लागलं की मावशी गॅसकडे धावायच्या आणि मास्तर खुर्चीत बसल्या बसल्या फरशी दाबायचे. लेक लहान असताना सायकल शिकली ती मास्तर बाहेरगावी गेले होते त्या आठवड्यात. मागचं कॅरियर धरून धावणारा बाप असा होता की सायकल पुढे जायचीच नाही.

मावशी स्वतः दाताच्या दवाखान्यात मदतनीस होत्या. पेशंटला खुर्चीत बसवायचं, गळ्यात कागदी रुमाल बांधायचा, आणि यंत्राचा आवाज सुरू झाला की त्याचा हात धरून म्हणायचं, "काही होत नाही हं, मोठा श्वास घ्या, हे बघा, संपलंच." संपलेलं काहीच नसायचं. पण मावशींनी म्हटलं की माणसं विश्वास ठेवायची. दवाखान्यातले डॉक्टरसुद्धा त्यांना मावशीच म्हणत.

त्या दवाखान्यात पेशंटचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून भिंतीवर एक टीव्ही होता, आवाज बंद केलेला. त्यावर दिवसभर त्याच त्या फिती चालायच्या. मासे, धबधबे आणि एक रोलर कोस्टर. मासे आणि धबधबे मावशींना पाठ झाले होते आणि त्यांचा कंटाळाही आला होता. पण रोलर कोस्टर लागला की त्यांच्या हातातलं काम थांबायचं. गाडी टोकावर जायची, क्षणभर थबकायची, आणि मग माणसांचे केस, गाल, तोंडं सगळं मागे उडायचं. उघडी तोंडं मावशींनी आयुष्यभर पाहिली होती, पण ती भीतीनं उघडलेली. आनंदानं एवढी तोंडं उघडलेली त्यांनी फक्त त्या टीव्हीवर पाहिली. आपणही एकदा बसायचं, असं त्यांनी कितीतरी वर्षांपूर्वी मनाशी ठरवून टाकलं होतं.

म्हणून लेकीनं परवा विचारलं, "आई, बाबांच्या ऑपरेशनआधी दोघं कुठंतरी फिरून या ना, तिकिटं मी काढते, कुठं जाताय?" तेव्हा मावशींना विचार करायला एक श्वाससुद्धा लागला नाही.

ऑपरेशन मास्तरांच्या उजव्या गुडघ्याचं होतं. ब्रेकच्या पायाचं. आयुष्यभर दाबून दाबून त्या गुडघ्याची पार वाट लागली होती. हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "चालाल, फिराल, जिने चढाल. पण दिवसभर पेडल दाबायचं काम मात्र विसरा." मास्तर घरी आले, हातपाय धुतले आणि जेवताना म्हणाले, "गाडी काढून टाकू. आता चालवणार कोण?" आणि खरंच गिऱ्हाईक बघून मोकळे झाले. सोमवारी सकाळी माणूस गाडी न्यायला येणार होता.

आज रविवार होता. आणि चालवणार कोण या प्रश्नाचं उत्तर मास्तरांच्या शेजारी, पाय त्या दुसऱ्या ब्रेकला लागू नये म्हणून आखडून बसलं होतं.

मावशींना गाडी येत होती. छान येत होती. हे अख्ख्या जगाला माहीत होतं, फक्त नवरा सोडून.

एकदा, लग्नानंतर फार दिवस झाले नव्हते तेव्हा, मास्तरांनी त्यांना शिकवायला घेतलं होतं. मावशींनी पहिला गिअर टाकला, मास्तरांनी ब्रेक मारला. फाटकाशी मारला, फाटकाबाहेर मारला, किराणा दुकानाशी मारला. कोपऱ्यावर तर गाडी उभीच होती, तरी मारला. मावशींनी गाडी बंद केली, किल्ली मास्तरांच्या हातावर ठेवली आणि पायी घरी आल्या. त्या विषयावर दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत.

मग मागच्या वर्षी, दुपारी दवाखाना बंद असायचा त्या वेळात, मावशी पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जायला लागल्या. शिंप्याच्या बायकोनं दुसऱ्या शिंप्याकडे पोलकं टाकावं तसलाच प्रकार. तिथं शिकवणाऱ्या मॅडम एके काळी मास्तरांच्याच हाताखाली शिकलेल्या. पण त्या शेजारी बसायच्या पायावर पाय टाकून, मांडीवर शेंगदाण्याची पुडी घेऊन. मावशींनी विचारलं, "अहो मॅडम, तुमचा पाय ब्रेकवर नाही?" तर म्हणाल्या, "लागला तर ठेवीन की. तुम्ही चला." आणि मावशी चालल्या. परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरांची गाडी तर आता सर्व्हिसिंगला मावशीच नेऊन आणत.

सांगायचं राहिलं ते नवऱ्याला. आज सांगू, उद्या सांगू करता करता वर्ष निघून गेलं. आज मात्र घरातून निघतानाच त्यांनी ठरवलं होतं की काय व्हायचं ते होवो, परतीच्या आधी सांगायचंच. नाहीतर उद्या गाडी दारातून जाणार आणि मावशी हात हलवत बघत राहणार.

पार्कात शिरल्यावर मावशी काही मावशी राहिल्या नाहीत. त्यांनी नकाशा घेतला, उलटा धरला, सुलटा केला, आणि मास्तरांना ओढतच निघाल्या. रंगीत पताका, साखरेच्या वासाचा वारा, आणि कुठल्याही दिशेला वळलं तरी डोक्यावरून जाणाऱ्या किंकाळ्या. मास्तरांनी डोक्याला टोपी, गुडघ्याला पट्टा आणि खांद्याला थर्मास असा जामानिमा केला होता. त्यांना वाटलं होतं बाग असेल, बाकं असतील, फार तर एखादा पाळणा असेल.

"एवढं ओरडतायत का ही माणसं?"

"मजा येतेय म्हणून."

"मजा येते तेव्हा माणूस हसतो. ही मदतीला बोलावल्यासारखी ओरडतायत."

वाटेत धडकगाड्यांचा मांडव लागला आणि तिथं मास्तरांचे पाय जमिनीला चिकटले. छोट्या छोट्या गाड्या, त्यात पोरं, बाप, आज्या, आणि जो तो दुसऱ्यावर मुद्दाम गाडी घालतोय. मास्तरांनी कठडा घट्ट धरला.

"अहो निळी गाडी, निळी गाडी! मागे बघा! अगं ए, आरशात— आरसाच नाहीये! हात तरी दाखव वळताना! घातलीच शेवटी. बघ, घातलीच."

एका आज्जींनी एका बापाला मागून अशी धडक दिली की दोघंही हसून हसून लोळले. मास्तरांचा उजवा पाय कठड्याखाली एकसारखा जमीन दाबत होता. त्यांच्या आयुष्यभराच्या शिकवणीचा तिथं भर दिवसा मुडदा पडत होता, आणि त्यासाठी लोक रांग लावून उभे होते. मावशींना इतकं हसू आलं की त्यांनी पदर तोंडात कोंबला.

मग बाकावर बसून दोघांनी थर्मासमधला चहा घेतला. मावशींनी तोंड उघडलं. "अहो, मी काय म्हणते—"

"हं?"

"काही नाही. चहा गोड झालाय."

पुढच्या बाकावर त्यांनी परत सुरुवात केली आणि ऊन फार आहे इथपर्यंत येऊन पोचल्या. दवाखान्यात लोकांना "घाबरू नका" म्हणणारी बाई आज स्वतःच्या नवऱ्यापुढे गळपटली होती. स्वतःचाच राग आला त्यांना.

शेवटी ते लाल रुळाखाली येऊन उभे राहिले. डोक्यावरून गाडी गेली तेव्हा खालची जमीन थरथरली. मावशींनी छातीवर हात ठेवला. टीव्हीवर आवाज नव्हता. हा असा आवाज असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या हातापायांना मुंग्या आल्या आणि जीव नुसता नाचायला लागला.

दारापाशी कुणी कुणी बसू नये त्याची पाटी होती. मास्तरांनी ती आशेनं वाचली. हृदय होतं, पाठ होती, मान होती. गुडघ्याचं नाव नव्हतं.

मग त्यांनी टोपी घातलेल्या कर्मचारी मुलीला गाठलं. "ताई, ड्रायव्हर कुठं बसतो?"

"कशाचा, काका?"

"या गाडीचा."

"ड्रायव्हर नसतो काका. आपोआप जाते ती."

मास्तरांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "म्हणजे चालवत कुणी नाही?"

"नाही."

"आणि ब्रेक?"

"ब्रेक रुळाला असतात ना काका, शेवटी. तिथं आली की आपोआप थांबते."

"शेवटी!" मास्तर मावशींकडे वळले. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. "ऐकलंस? गाडीत ब्रेक नाही, गाडीला माणूस नाही. चल घरी. असल्या गाडीत माझ्या घरचं माणूस बसणार नाही."

मावशींनी थर्मास काढून त्यांच्या हातात नीट दिला. "तुमच्या घरचं माणूस बसतंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही हा सांभाळा."

आणि मागे वळून न बघता रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. वळून बघितलं असतं तर परत फिरल्या असत्या, हे त्या ओळखून होत्या.

रांग पुढे सरकत होती तसा आनंद वर चढत होता आणि त्याच्या खाली काहीतरी टोचतही होतं. आपण एकट्याच निघालो. सांगायचं राहिलंच. वर जाऊन येऊ, मजा करू, आणि संध्याकाळी मास्तर शेवटची म्हणून गाडी चालवत घरी नेतील, तेव्हाही आपण गप्पच बसणार. मागच्या कॉलेजच्या मुलींनी विचारलं, "काकू, एकट्याच?" तर मावशी हसल्या आणि म्हणाल्या, "पहिल्यांदाच."

"मग पुढची सीट घ्या काकू! आम्ही सांगतो त्यांना!"

आणि त्या पोरींनी खरंच त्यांना सगळ्यात पुढे बसवलं. समोर काही नाही, नुसता रूळ आणि आभाळ. शेजारची सीट रिकामी. कर्मचारी मुलगी ओरडली, "एक जागा! एकटं कुणी आहे का?" रांगेतून एक धिप्पाड तरुण हात वर करून पुढे आला.

"थांबा! ओ! थांबा!"

बाहेर पडायच्या दारातून, उलट दिशेनं, एका हातात टोपी आणि एका हातात थर्मास घेऊन मास्तर लंगडत येत होते. "ती सीट माझी आहे!"

"अहो काका, रांग आहे इथं," मुलगी म्हणाली.

"रांग असू द्या. मी त्यांच्या शेजारचा आहे." मास्तरांना धाप लागली होती. "शिकाऊ माणसाला गाडीत एकटं सोडत नसतात. नियम आहे."

रांगेत कुणीतरी कुरकुरलं. पण तो धिप्पाड तरुण हसून बाजूला झाला. "बसा काका. मी पुढच्या खेपेला जातो."

मास्तरांनी टोपी आणि थर्मास कर्मचारी मुलीच्या हातात दिले आणि थर्मास कुठं ठेवायचा, कसा उभा ठेवायचा तेही सांगितलं. मग मावशींना म्हणाले, "तिकडं सरक. शेजारची बाजू ही."

मावशी सरकल्या.  मांडीवर पोलादी दांडी येऊन बसली. मास्तरांनी पहिलं काम केलं ते म्हणजे उजवा पाय पुढे करून चाचपून बघितलं. पुढे नुसता पत्रा होता.

गाडी हलली. वळली. मग चढाला लागली आणि खालून साखळीचा खडखड खडखड आवाज यायला लागला. पाठ सीटला टेकली, तोंड आभाळाकडे झालं. माणसं लहान झाली, मांडव लहान झाला, दूर गाड्यांच्या तळावर आपली पांढरी गाडी डोक्यावरच्या पाटीसकट दिसायला लागली.

मास्तरांनी डोळे मिटले होते आणि दोन्ही हातांनी दांडी पकडली होती. मावशींनी हळूच त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "काही होत नाही हं. मोठा श्वास घ्या."

"मला दाताचं पेशंट करू नकोस."

साखळी खडखडत होती. आणि मावशींच्या एकदम लक्षात आलं की या जागेतून नवरा उठून जाऊ शकत नाही. विषय बदलायला इथं चहा नाही, ऊन नाही, आणि पायाखाली ब्रेक नाही. अशी संधी पुन्हा येणार नव्हती.

"अहो, मला गाडी येते."

"काय?"

"गाडी येते मला. मोटार. मागच्या वर्षी शिकले. परीक्षा पास झाले."

मास्तरांचे डोळे उघडले. समोर उघडं आभाळ होतं, पण ते त्यांना दिसलंच नाही. आयुष्यभर गाडी शिकवलेल्या माणसाला त्या क्षणी जगातला एकच प्रश्न सुचला.

"कुणाकडे?"

"पलीकडच्या गल्लीत. मॅडमकडे."

"तिच्याकडे?" मास्तर दांडीखालून उठायला गेले आणि अर्थात उठू शकले नाहीत. "अगं, तिला स्वतःला अजून क्लच नीट सो—"

खडखड थांबली. गाडी टोकावर क्षणभर थबकली, अगदी टीव्हीवर थबकायची तशी. आणि खालचं जग निसटलं.

मावशींचं पोट वरच राहिलं आणि बाकीच्या मावशी खाली आल्या. वारा तोंडात शिरला, केसांचा अंबाडा सुटला, एक हात, मग दुसराही हात आपोआप वर गेला, आणि त्यांच्या गळ्यातून एक आवाज निघाला जो त्यांनी स्वतःचा म्हणून कधी ऐकला नव्हता. किंकाळी होती, हसणं होतं, दोन्ही एकत्र होतं. वर! परत वर! आडवे! आता आभाळ पायाखाली! सांगून टाकलं, सांगून टाकलं, एवढंच त्यांच्या डोक्यात वाजत होतं. वर्षभर छातीवर बसलेला धोंडा त्या कड्यावरून खाली गेला आणि पहिल्या वळणाला कुठं उडाला ते कळलंसुद्धा नाही. शेजारून मास्तरांचा पाय पत्र्यावर धाडधाड आपटत होता. प्रत्येक वळणाआधी एकदा आणि वळणात दोनदा.

आणि मग एकदम सगळं मंद झालं. गाडी फुस्स करून थांबली.

मागे कॉलेजच्या मुली टाळ्या वाजवत होत्या. मावशींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू काही थांबत नव्हतं. मास्तर दांडी धरून तसेच बसले होते. केस उभे, चेहरा पांढराफटक. 

"अर्धवट सोडायची ती क्लच," ते म्हणाले. "तुला तशी सवय नाही ना लागली?"

"लागली होती. मोडली."

"हं."

उतरताना मास्तरांना आधार लागला. मावशींनी दिला. बाहेरच्या वाटेवर एका खिडकीत टीव्हीसारखे पडदे होते आणि त्यांवर नुकत्याच उतरलेल्या लोकांचे फोटो दिसत होते, पहिल्या उतारावर कॅमेऱ्यानं टिपलेले. सवयीनं मावशींनी आधी दात बघितले. मागच्या रांगेत एकीची अक्कलदाढ किडलेली होती. मग त्यांनी पुढची रांग बघितली.

त्यांचे स्वतःचे दोन्ही हात आभाळात होते. तोंड असं उघडलं होतं की दवाखान्यात दाखवावं. आणि शेजारी मास्तर, डोळे गच्च मिटलेले, ओठ आवळलेले. पण त्यांचा हात दांडीवर नव्हता. तो मावशींच्या पुढे आडवा होता. जोरात ब्रेक लागला की शेजारचा माणूस पुढे आपटू नये म्हणून धरतात, तसा. स्वतःची दांडी सोडून त्यांनी मावशींना अडवून धरलं होतं.

मावशी बघतच राहिल्या. त्यांना वाटायचं, ह्या माणसाचा आपल्यावर भरवसा नाही, म्हणून तो पाय कायम ब्रेकवर. इतकी वर्षं त्यांनी त्याचा राग धरला होता. आता त्यांनी फोटोतल्या त्या आडव्या हातावर बोट टेकवलं.

"अहो," त्या कशाबशा म्हणाल्या, "पोलादाची दांडी होती ना पुढे."

मास्तरांनी फोटोकडे ओझरतं बघितलं आणि ओशाळून दुसरीकडे बघायला लागले. "दांडीचा काय भरवसा?"

बाकावर बसून मास्तर गुडघा चोळत राहिले. थर्मास सुखरूप परत आला होता. थोड्या वेळानं त्यांनी, मावशींकडे न बघता, विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ब्रेक मारला असता."

मास्तरांनी यावर खरोखर विचार केला. तसा चेहराच झाला त्यांचा. "मारला असता," ते म्हणाले.

 डोक्यावरून लाल गाडी किंचाळत गेली आणि मावशींची मान नकळत तिच्याबरोबर फिरली.

"परत बसायचंय तुला," मास्तर म्हणाले.

"तुम्ही?"

"माझं झालं. तू जा. मी इथून बघतो."

मावशी गेल्या. आणि ती खेप संपल्यावर पुन्हा एकदा गेल्या. दर वेळी टोकावरून त्यांनी खाली बघितलं तेव्हा बाकाशी एक टोपी हलत होती.

उन्हं कलली तेव्हा दोघं गाड्यांच्या तळावर आले. मास्तरांनी खिशातून किल्ली काढली, दोनदा तळहातावर वर-खाली केली, आणि मावशींपुढे धरली. मावशींनी ती घेतली. कोपऱ्यावरच्या त्या जुन्या दिवसाची आठवण दोघांनाही झाली, पण कुणी तसं म्हटलं नाही.

मावशी चालवायच्या जागेवर बसल्या. सीट पुढे ओढली, आरसे नीट केले, पट्टा लावला. मास्तरांनी शेजारचं दार उघडलं आणि तिथंच उभे राहिले. आत तो ब्रेक होता. रबर झिजून गुळगुळीत झालेलं, आणि पुढे, टाच टेकून टेकून, चटईला पडलेलं भोक. मास्तर ते बराच वेळ बघत होते. मग त्यांनी ते दार लावलं. आवाज न करता लावलं. आणि मागचं दार उघडून, तिथल्या जुन्या पाट्या बाजूला सारून, मागे बसले.

"अहो, मागे कुठं?"

"इथं पाय लांब करता येतो. गुडघा ठणकतोय." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "उद्या सकाळी त्या माणसाला कळवून टाक. गाडी द्यायची नाही म्हणावं. घरात चालवणारं आहे."

मावशींनी मान हलवली.  त्यांनी किल्ली फिरवली, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, हळूहळू आणि पूर्ण. गाडी एका लाटेसारखी निघाली. मागून शब्द आला नाही. फाटकाशी आला नाही, फाटकाबाहेर आला नाही, मोठ्या रस्त्याला लागताना आला नाही. आरशात मास्तर दिसत होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले, पहिल्यांदाच कुणाच्या तरी गाडीतून निघालेल्या पाहुण्यासारखे.

रस्ता मोकळा होता आणि मावशींच्या अंगात अजून तो लाल रूळ धावत होता. खिडकीतून वारा येत होता, सुटलेले केस गालांवर येत होते, आणि त्यांना गावंसं वाटत होतं.

पुढच्या चौकात दिवा लाल झाला आणि समोरची गाडी अचानक थांबली. मावशींनी ब्रेक दाबला. वेळेवर, जोरात, नेमका. गाडी जागच्या जागी उभी राहिली. आणि त्याच झटक्यात त्यांचा डावा हात स्टिअरिंगवरून सुटून शेजारच्या सीटपुढे आडवा गेला होता.

सीट रिकामी होती. हात तिथंच हवेत राहिला. मावशींनी आरशात बघितलं. मास्तर त्या हाताकडे बघत होते.

"हिरवा झालाय," मास्तर मागून हळूच म्हणाले.

मावशींनी तो हात गिअरवर ठेवला.